वारा फिरतो तेव्हा

२०१९ सालचं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. त्याच दिवशी अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचं वादळ महाचक्रीवादळ झालं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर. दोनच दिवस आधी ते रत्नागिरीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर होतं. मग ते ओमानच्या दिशेला वळलं आणि किनाऱ्याला न लागता समुद्रातच विरलं. ते विरतंय न विरतंय तोच मागून ‘महा’ आलं. दिवाळीत कसला पाऊस, असं त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. पण अरबी समुद्राचं वेळापत्रक पाहिलं तर यात नवल फारसं नाही. या समुद्रातली चक्रीवादळं भर पावसाळ्यात क्वचितच होतात. त्यांचे हंगाम दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे वारा दिशा बदलतो ते दिवस.

वर्षातून दोनदा वाऱ्याची दिशा पार उलटावी, असा हा समुद्र आहे. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, हवेचा दाब उतरतो आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेकडची हवा इकडे धाव घेते. केनिया-इथिओपियाचे डोंगर तिला पश्चिमेकडून अडवतात, त्यामुळे ती त्यांच्या कडेने वळून अरबी समुद्रावर येते. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचा हा वेगवान झोत फिंडलेटर या हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये नीट मांडून दाखवला. सह्याद्रीवर आदळणारं पाणी बरंचसं याच झोताने आणलेलं असतं. जाताना तो सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी ढकलून देतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन जुलैत, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, तिथलं पाणी २० अंशांच्याही खाली जातं.

चक्रीवादळाला साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं, आणि तेही चांगलं खोलवर. मे महिन्यात केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला ते ३० अंशांच्या पुढे जातं, म्हणून तेव्हा वादळं जन्मतात. जुलैत पाणी थोडं निवलेलं असतं, पण खरी अडचण असते वरच्या हवेत. खाली नैऋत्येचा वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर थेट उलटा, पूर्वेचा जोरदार झोत. वादळाचं धड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे ओढलं जातं, मग ते उभं राहणार कसं? मान्सून परतला की ही ओढाताण थांबते, पाणी पुन्हा तापतं आणि दुसरा हंगाम सुरू होतो.

वाऱ्याचं हे फिरणं न समजल्याची किंमत वास्को द गामाने मोजली. २४ एप्रिल १४९८ रोजी तो मालिंदीहून निघाला. सोबत वाटाड्या होता, वाराही मागून होता. मे महिन्याच्या २० तारखेला तो कालिकतला पोचलासुद्धा. परतताना मात्र घाई नडली. ५ ऑक्टोबरला त्याने कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं. तेव्हा नैऋत्येचा वारा संपला होता आणि ईशान्येचा अजून स्थिर व्हायचा होता. शिडं लोंबकळत राहिली, कधी वारा तोंडावर आला, आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. जाताना महिन्याच्या आत झालेल्या वाटेला येताना तीन महिने! खलाशी स्कर्व्हीने हिरड्या सुजून मरत होते. पुढे माणसं पुरेनात, म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. अरब आणि गुजराती नाखव्यांना वाऱ्याचं हे वेळापत्रक शतकानुशतकं ठाऊक होतं. थोडा धीर धरला असता तर ईशान्येच्या वाऱ्याने त्याला नीट पोचवलं असतं.

आपल्या किनाऱ्यावरचा रोजचा वारा त्या मानाने साधा. पावसाळा सोडला तर रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, हा शिडाच्या होड्यांचा दिनक्रम. आता इंजिनं आली, होड्या लांबवर जाऊ लागल्या, आणि अंदाज किनाऱ्यावर कळून भागेनासं झालं.

११ नोव्हेंबर २००९ चं ‘फयान’ हे त्याचं उदाहरण. वाऱ्याच्या हिशेबाने ते चक्रीवादळांच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं. पण नोव्हेंबर म्हणजे ऐन मासेमारीचा हंगाम, होड्या समुद्रात होत्या आणि रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार परतलेच नाहीत. उलट जून २०२० चं ‘निसर्ग’ त्याहून किती तरी जोरदार. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोपवल्या, पण इशारे आधी पोचल्यामुळे मनुष्यहानी तुलनेने कमी झाली. वादळाच्या जोरापेक्षा तेव्हा समुद्रात कोण आहे, हा प्रश्न मला मोठा वाटतो. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईच्या समोरून गेलं, तेव्हा तेलक्षेत्रातला पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच होता. तो बुडाला. नौदलाने खवळलेल्या पाण्यातून बऱ्याच जणांना वाचवलं, सगळ्यांना नाही.

बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला, अशी बातमी आपण नेहमी वाचतो. हे बावटे एकूण अकरा, दिवसा शंकू-नळकांड्यांच्या आकृत्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे. पहिले दोन दूरच्या वादळाचे. तिसरा म्हणजे याच बंदरावर वादळी वारे येऊ शकतात. आठ ते दहा महासंकटाचे. आणि अकरावा? हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, याचा! मला तोच सगळ्यात भीतीदायक वाटतो.

लाटांचे आकडेही नीट वाचायला हवेत. ‘लाटा ३ मीटर’ म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी ३ मीटर. एखादी लाट ६ मीटरच्या आसपासही जाते, आणि होडी उलटवायला ती एकच पुरते. त्यातही फसवी ती लांबून आलेली लाट. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटरवर, कुठेतरी वादळ होतं. त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात. वारा नाही, ढग नाहीत, आणि तरी पाणी एकाएकी वाळूवर चढतं. केरळात याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरटा समुद्र, म्हणतात. उधाणाच्या भरतीची वेळ गाठली तर ते पाणी घरांत शिरतं.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणार असाल तर हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ संस्थेचा लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज निघण्यापूर्वी पाहा. आकाश निरभ्र असलं तरी पाहा. तांडेल ‘आज होडी नको’ म्हणाला तर जास्त पैसे देऊ करू नका. आणि समुद्रात कुणी अडकलेलं दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल-फ्री क्रमांक फिरवा.