काचेत उमटणारी अक्षरे आणि चष्म्याचा धंदा

ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण भागात चष्म्याची दुकाने चालवणाऱ्या, काचा घासणाऱ्या आणि फ्रेम जोडणाऱ्या आपल्या बांधवांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. २०२३ मध्ये लेन्सकार्ट या चष्म्यांच्या मोठ्या कंपनीने आपल्या शेजारच्या ठाण्यातील अजनालेन्स या कंपनीत पैसे गुंतवले. २०१४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी डोळ्यांवर घालायचे संगणकी पडदे बनवते. वेल्डिंग आणि रंगकाम शिकणाऱ्यांना त्यावर सराव देता येतो. चष्मेवाल्याने तेथे पैसा घातला तो उगाच नव्हे. समोरचा रस्ता दिसतो आणि काचेत अक्षरेही दिसतात, असा चष्मा आता बाजारात आला आहे.

ही हिकमत अशी. फ्रेमच्या दांडीत अगदी छोटा प्रोजेक्टर असतो. त्याचा प्रकाश पातळ काचेच्या आत तिरका सोडतात. काचेच्या पृष्ठभागावर किरण पुरेसा तिरका आदळला, म्हणजे लंबाशी सुमारे ४२ अंशांहून जास्त कोन झाला, की तो बाहेर न पडता आतच परततो. असा उड्या मारत तो डोळ्यासमोर येतो. तेथे काचेत होलोग्राम असतो. औषधाच्या खोक्यावर चमचमते स्टिकर असते ना, त्याचाच हा थोरला भाऊ. ठराविक रंगाचा आणि ठराविक कोनातून आलेला प्रकाश तेवढा तो डोळ्याकडे वळवतो, बाहेरचा बाकी उजेड सरळ जाऊ देतो. म्हणून काच आरपार दिसते. काही चष्म्यांत होलोग्रामऐवजी बारीक अर्धपारदर्शक आरसे असतात. २०२५ मध्ये आलेला मेटा रे-बॅन डिस्प्ले त्या जातीचा.

बंदुकीवर नेम धरण्यासाठीही होलोग्राम वापरतात, पण त्याची रचना वेगळी. तेथील एक प्रकरण व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. थंडी-उष्म्यात नेमाची खूण सरकते हे ठाऊक असून माल विकला, असा आरोप अमेरिकेतील ईओटेक कंपनीवर झाला. २०१५ मध्ये २ कोटी ५६ लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड झाली.

आता कारागिराचा मुद्दा. ही काच नेहमीसारखी घासून नंबर काढता येत नाही. तिच्या दोन्ही बाजू तंतोतंत समांतर लागतात. एक बाजू गोलावली की चित्र फिसकटते. वर नंबरची काच गोंदाने सरळ चिकटवली, तर किरण तेथूनच निसटतो. म्हणून नंबरची काच वेगळी घडवून, मध्ये हवेची बारीक फट ठेवून बसवावी लागते. मेटाच्या चष्म्यात तर -४ ते +४ एवढाच नंबर मिळतो. त्यापलीकडचे गिऱ्हाईक आपल्याकडेच येणार.

दुसरे, दोन बाहुल्यांमधले अंतर. अनेक दुकानांत ते अजून पट्टी धरून अंदाजाने घेतात. या काचेतले चित्र ठराविक जागेतूनच दिसते, बाहुली तिच्याबाहेर गेली की कड कापली जाते. प्युपिलोमीटर नसेल तर घ्यावा. प्रोग्रेसिव्ह काचांसाठी तो आजही लागतोच.