पोराचा फंड आणि सुनेचा हक्क



नुसत्या शेतीवर सगळ्यांचे भागत नाही. म्हणून आपल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा मुंबईच्या बाजूला नोकरीला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील महापे येथे एमआयडीसीत लहानमोठे कारखाने आहेत, तेथेही आपली मुले आहेत. मुलाचा पगार किती, हे घरात सर्वांना तोंडपाठ असते. पण उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर सुनेला काय मिळेल, हे विचारले तर सगळे गप्प! अभद्र बोलू नये, हे खरे. परंतु माहिती नसल्यामुळे हक्काचा पैसा अडकून पडतो, हे त्याहून वाईट. सबब आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

फंड कापला जातो त्या कामगारासाठी सरकारची कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. कामगाराचे १२ टक्के सगळे फंडात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. १ सप्टेंबर २०१४ पासून यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली गेली. त्या तारखेनंतर जो प्रथमच नोकरीस लागला आणि ज्याचा मूळ पगार व महागाई भत्ता १५,००० च्या वर होता, तो या पेन्शनमध्ये येत नाही. म्हणून मुलाचे पासबुक पाहावे. पेन्शनच्या रकान्यात आकडा आहे की नाही, ते कळेल.

आता सुनेचे. मुलगा नोकरीत असताना दगावला आणि पेन्शनचा एक महिन्याचा जरी भरणा झालेला असला, तरी पत्नीला पेन्शन लागू होते. त्यासाठी दहा वर्षे भरावी लागत नाहीत. दहा वर्षांची अट त्याच्या स्वतःच्या म्हातारपणच्या पेन्शनला आहे. पत्नीबरोबर दोन मुलांनाही प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के रक्कम वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते.

निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर पत्नीला निम्मी पेन्शन. हिशेब सोपा आहे. पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षे असेल तर त्याची पेन्शन ३,००० रुपये, मागे पत्नीला १,५००. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. रक्कम मोठी नाही, हे आम्हीही जाणतो. पण दर महिन्याला स्वतःच्या खात्यावर येणारा पैसा बाईला कोणापुढे हात पसरू देत नाही. बाई नोकरीत असेल तर हाच हक्क तिच्या नवऱ्याला आहे.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर पेन्शनशिवाय फंडाची शिल्लक मिळते, आणि विम्याची रक्कमही मिळते. तिची कमाल मर्यादा २०२१ पासून ७ लाख रुपये केली गेली. कामावर अपघात झाला आणि मुलगा ईएसआयमध्ये असेल, तर पत्नी-मुलांना त्या खात्याकडून वेगळे मासिक वेतन आहे. तेही मागावे.

मग अडते कोठे? कागदावर! उसाच्या लागणीची नोंद केली नाही तर तोड वेळेवर येत नाही, हे आपणास सांगायला नको. फंडाचेही तसेच आहे. लग्नाआधी मुलाने आईचे नाव लावलेले असते, ते तसेच राहते. पेन्शनला पत्नी-मुले असताना दुसऱ्याचे नाव चालत नाही, पण फंडाच्या रकमेवरून घरात तंटा उभा राहतो. सुनेच्या आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, आणि लग्नाची नोंदच नाही, अशीही घरे आहेत. मुलगा ठेकेदाराकडे असेल तर भरणा होतो की नाही, ते बघावे. ठेकेदाराने चुकवला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

तरी दिवाळीला मुलगा गावी आला की एवढे करून घ्यावे. यूएएन नंबर घरातल्या वहीत लिहावा. पत्नी-मुलांची नावे नामनिर्देशनात घालावीत. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढावा. सुनेचे आधार व बँक खाते एकाच नावाने करावे.

प्रसंग आलाच तर पेन्शनचा अर्ज नमुना १०-डी वर, मृत्यूच्या दाखल्यासह करावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येऊ लागली, म्हणजे दर महिन्याला नवी मुंबई गाठायचे कारण उरले नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला मात्र चुकवू नये.

आपल्या शेअरला वारस लावताना आपण दोनदा वाचून सही करतो. तेवढीच काळजी मुलाच्या फंडाचीही घ्यावी, आणि कागद करताना सुनेला शेजारी बसवावे. उद्या ते कागद घेऊन तिलाच जावे लागणार आहे.