डुलत चालणारे मांजर आणि आपले घर



आवाज न करता, अलगद येणाऱ्याला आपण ‘मांजराच्या पावलांनी आला’ असे म्हणतो. पण काही मांजरांना ही पावले जन्मतःच मिळालेली नसतात. ती पाय फाकून उभी राहतात, घोड्यासारखी टापा उचलत चालतात, दोन पावलांवर कलंडतात, आणि खायला तोंड खाली नेले की डोके थरथरू लागते.

जुबैलमध्ये इमारतींच्या आवारात आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपाशी भटकी मांजरे पुष्कळ. मुले एखादे पिल्लू उचलून घरी आणतात, आणि दोन दिवसांनी लक्षात येते की याचे चालणे काही वेगळेच आहे. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते लकवा, कुणी म्हणते फेफरे, कुणी रेबीजची भीती घालते. शेवटी एक सल्ला हमखास मिळतो : “जिथून आणले तिथे सोडून या!” तो ऐकण्याआधी हा लेख वाचावा, एवढीच विनंती.

हे नेमके काय असते?

या अवस्थेचे वैद्यकीय नाव सेरेबेलर हायपोप्लेसिया. सोप्या मराठीत, लहान मेंदूची वाढ अपुरी राहणे. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला अनुमस्तिष्क म्हणत होतो तोच हा भाग.

“पाय उचल” हा हुकूम मोठा मेंदू देतो. पण किती उचलायचा, कुठे टेकवायचा, केव्हा थांबायचे हे माप लहान मेंदू ठरवतो. हे माप नसले की पाऊल गरजेपेक्षा उंच जाते, उडी चुकते आणि तोंड वाटीच्या पलीकडे पोहोचते. थरथरही विशिष्ट वेळीच दिसते. काही करायला गेले की वाढते, निवांत पडले की कमी होते आणि झोपेत जवळजवळ नाहीशी होते. पायांत ताकद असते, त्यामुळे हा लकवा नव्हे. मांजर पूर्ण शुद्धीवर असते, त्यामुळे हे फेफरेही नव्हे.

का होते?

पुष्कळ वर्षे हा दोष आनुवंशिक समजला जात असे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स किलहॅम आणि जॉर्ज मार्गोलिस या संशोधकांनी त्यामागे विषाणू असल्याचे दाखवले. हा विषाणू म्हणजे मांजरांतील पॅनल्युकोपेनियाचाच विषाणू, हेही १९६७ पर्यंत स्पष्ट झाले.

हा विषाणू वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. मांजरीच्या पिल्लाचा लहान मेंदू गर्भाच्या शेवटच्या दिवसांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने वाढत असतो. नेमक्या त्याच वेळी लागण झाली तर ती वाढ खुंटते. भटक्या मांजरींना लस मिळालेली नसते, म्हणून अशी पिल्ले त्यांच्यात अधिक दिसतात. एकाच वितीतले एक पिल्लू डुलते आणि दुसरे व्यवस्थित धावते, असेही होते.

चार प्रश्न, चार उत्तरे

दुखते का? नाही. या अवस्थेत वेदना नसतात. पडण्याने मात्र इजा होऊ शकते.

वाढत जाते का? नाही. दोष आहे तेवढाच राहतो. औषधाने तो जात नाही, पण मांजर स्वतःच युक्त्या शिकते. भिंतीला टेकून चालते, बसून खाते, उडी मारण्याऐवजी नखांनी चढते.

माणसाला लागते का? नाही. मुलांनाही नाही. घरात लस न दिलेले दुसरे मांजर असेल तर मात्र नवे पिल्लू डॉक्टरांना दाखवेपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवावे. विषाणू काही आठवडे त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत असू शकतो.

किती जगते? सौम्य किंवा मध्यम त्रास असेल तर इतर मांजरांइतकेच, म्हणजे बारा-पंधरा वर्षे सहज. अगदी उभेच राहता येत नसेल, तर भरवण्यापासून स्वच्छतेपर्यंत सगळे आपल्याला करावे लागते. तेवढी तयारी आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

पण प्रत्येक डुलणे हे नव्हे!

जन्मजात दोष पिल्लू चालू लागते तेव्हाच, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. चांगले हिंडते-फिरते मांजर अचानक लडखडू लागले तर ते वेगळे काहीतरी आहे. कानाचा संसर्ग, डोक्याला मार किंवा विषबाधा असू शकते. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला घातक ठरते. पॅनाडॉल-क्रोसिनमधले पॅरासिटामॉलही तसेच. शिवाय आपण मासेखाऊ मंडळी! रोज फक्त कच्चे मासे घातल्यास बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मांजर डुलू लागते. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. आणि अनोळखी मांजर चावले तर जखम साबणाने भरपूर धुऊन आपण स्वतः डॉक्टरकडे जावे.

घरात काय बदल करावेत?

१. इथल्या घरांतल्या गुळगुळीत फरशा हा या मांजराचा पहिला शत्रू. त्याच्या वाटेवर सतरंजी, जुने गालिचे किंवा योगासनाची मॅट अंथरावी. पकड नखांचीच असते, म्हणून नखे फार बारीक कापू नयेत.

२. वाटी जड आणि पसरट घ्यावी, भिंतीलगत ठेवावी. खाताना थोडे सांडणारच.

३. वाळूचा ट्रे मोठा असावा. एका बाजूने ठेंगणा, तीन बाजूंनी उंच, म्हणजे त्याला टेकून उभे राहता येते.

४. न्हाणीघरातली भरलेली बादली झाकून ठेवावी. असे मांजर डोके आत घालते आणि तोल गेला की बाहेर येऊ शकत नाही.

५. जिना आणि बाल्कनी बंद. खाटेपाशी उशी किंवा पायरी.

६. दिवाळीत पणत्या, एरवी निरांजन आणि उदबत्ती जमिनीवर नको. उंच ठेवावी.

७. बाहेर सोडू नये. गाडी येताना त्याला वेळेवर बाजूला होता येत नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

लसीकरण आणि नसबंदी इतर मांजरांसारखीच करून घ्यावी. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना या दोषाची कल्पना द्यावी. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देत नाहीत, कारण त्यातूनही पिल्लांना हाच दोष होऊ शकतो.

आणि ‘फायनल एक्झिट’चे काय?

खरा प्रश्न इथेच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा इथला मुक्काम कंपनीच्या करारावर. करार दोन वर्षांचा आणि मांजर पंधरा वर्षांचे! धडधाकट मांजर रस्त्यावर सोडले तर निदान पळू तरी शकते, झाडावर चढू शकते. या मांजराला त्यातले काहीच येत नाही. त्याला आवारात सोडून जाणे म्हणजे चार दिवसांत त्याचा शेवट, हे स्पष्ट शब्दांत लिहायला हवे. म्हणून आणतानाच ठरवावे की पुढे बरोबर न्यायचे, की इथल्या एखाद्या भरवशाच्या कुटुंबाकडे द्यायचे.

भारतात न्यायचे तर प्रवासाच्या किमान एक महिना आधी रेबीजची लस, डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र आणि भारत सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नियम बदलत असतात, त्यामुळे दोन-तीन महिने आधीच चौकशी सुरू करावी. ‘हा दोष जन्मजात आहे, संसर्गजन्य नाही’ असे पशुवैद्यकाचे पत्र जवळ ठेवावे. मुंबईच्या विमानतळावर थरथरणारे मांजर पाहून अधिकाऱ्यांनी शंका घेणे साहजिक आहे, तेव्हा ते पत्र उपयोगी पडते. मुंबईत पोहोचल्यावर परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे १८८३ पासूनचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, आहेच. शेजारीच १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आमच्या घरात असे एक मांजर आहे. येणारे पाहुणे पहिल्या दिवशी “अरेरे!” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याला मांडीवर घेतात. त्याला स्वतःची कीव येताना आम्ही अजून पाहिलेले नाही. पडते, उठते, पुन्हा चेंडूमागे जाते. पण ते आमच्या सतरंज्यांवर आणि बंद दारांच्या आत. ती सोय करायची तयारी असेल तर पिल्लू जरूर आणा. नसेल, तर ज्यांची आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचवा. रस्त्यावर मात्र परत ठेवू नका.

कुणाकडे असे मांजर असल्यास आपले अनुभव जरूर कळवावेत.