उंबऱ्याशी थांबून विचारावं

वाशिमच्या मध्यमेश्वराला आपण हात जोडतो, तेव्हा तिथं भूगोलही आहे, हे कितीजणींच्या लक्षात येतं? वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची गावं सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं सांगितली, त्यात अवंतीच्या जोडीला वत्सगुल्मही आहे. त्याच रेषेवरचं देऊळ म्हणून मध्यमेश्वराची ख्याती. आजच्या मोजमापानं वाशिम उज्जैनच्या जरा पूर्वेला येतं, ते सोडा. गणित आणि बेलाचं पान एकाच गाभाऱ्यात सुखानं नांदतंय, हे महत्त्वाचं.

आता शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. विज्ञान दाराशी आलंय. म्हणूनच एका दूरच्या डोंगराची गोष्ट सांगावीशी वाटते.

हवाई बेटांवरचा मौना केआ. उंची ४,२०५ मीटर. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो पूर्वज आहे, पोलीआहू या बर्फाच्या देवीचं घर आहे. खगोलशास्त्रज्ञांसाठी ती जगातल्या सर्वांत स्वच्छ आकाशाच्या जागांपैकी एक. तिथं ३० मीटर व्यासाची दुर्बीण उभारायची ठरली. त्यात भारतही भागीदार. २०१४ मध्ये केंद्रानं जवळपास १,३०० कोटी मंजूर केले. पुण्याची आयुका ही त्यातली एक संस्था. म्हणजे पैसा तुमचा-माझाही.

जुलै २०१९ मध्ये बांधकामाची वाहनं निघाली, तेव्हा रस्त्यात आजी-आजोबा बसले होते. तीसहून अधिक जणांना पोलिसांनी अटक केली. काहींना अक्षरशः उचलून न्यावं लागलं. मग बायका हातात हात गुंफून रस्ता अडवून उभ्या राहिल्या.

‘ही तर अंधश्रद्धा!’ मीही आधी असंच म्हणाले होते. पण मागचा हिशेब वाचला आणि गप्प झाले. १८९३ मध्ये तिथल्या राणी लिलिउओकलानींना पदच्युत केलं गेलं, राजघराण्याच्या जमिनी पुढे अमेरिकेकडे गेल्या. हा डोंगर त्यातलाच. १९६८ मध्ये माथा ६५ वर्षांच्या करारानं विद्यापीठाला दिला गेला आणि हळूहळू तिथं १३ दुर्बिणी झाल्या. देवी आहे की नाही, हा वाद नव्हताच. माझ्या घरात येताना मला कुणी विचारलं का, एवढाच सवाल होता.

२०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दुर्बिणीचा परवाना रद्द केला. नव्यानं सुनावणी झाल्यावर २०१८ मध्ये तो मान्य केला. कागद जिंकला, तरी रस्ता मोकळा झाला नाही. शेवटी २०२२ च्या कायद्यानं डोंगराच्या कारभारात मूळ रहिवाशांना जागा मिळाली. दोन जुन्या दुर्बिणीही उतरवल्या गेल्या. ही मोठी दुर्बीण मात्र त्या माथ्यावर अजून उभी राहिलेली नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच घरातली. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासत होते. गावकऱ्यांशी बोलत, त्यांच्याकडून शिकत. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईवर तोडीचं संकट आलं, तेव्हा गावकऱ्यांनी याच अभ्यासकांकडे मदत मागितली. पाहुणा नीट वागला की घरच त्याला हाक मारतं, ते असं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात तर गावाचाच अभ्यासगट असतो. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. बऱ्याच गावांत ती सहीपुरती होते. उद्या आपल्या शिवारात, टेकडीवर, देवाच्या जागेवर कुणी यंत्र घेऊन आलं, तर त्या सभेत चार प्रश्न विचारायचे. काय शोधताय? किती वर्षं? काम संपल्यावर जागा कशी परत कराल? आणि आम्ही नाही म्हटलं तर?

चौथ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं, तर पहिल्या तिन्हींवर विश्वास ठेवता येतो. मग पाहुण्याला आत बोलवायला आणि चहा टाकायला आपली हरकत कधीच नव्हती.