डागावर चढली वेल

केळीच्या चिकाचा डाग कसा असतो, हे रावेर-यावलकडच्या भगिनींना सांगायला नको. ओला असतो तेव्हा पाण्यासारखा. कपड्यावर पडला तरी कळत नाही. वाळला की तपकिरी होतो. मग साबण घासा, लिंबू चोळा. कापड विरेल, पण डाग जाणार नाही.

आमच्या जाऊबाईंच्या मुलीचे असेच झाले. मामाकडच्या लग्नासाठी शिवलेला पिवळा सुती कुर्ता घालून ती मळ्यात गेली. केळीचे घड उतरवणे चालू होते. घरी आली तेव्हा पुढच्या बाजूला पाच-सहा डाग! लग्न चार दिवसांवर. केळीचे पैसे अजून हाती यायचे होते, त्यामुळे दुसरा कपडा घेणे शक्य नव्हते. पोर रडतच म्हणाली, “काकू, मी लग्नाला येतच नाही.”

मी म्हटले, “डाग जात नाही ना? मग आपण तो झाकू.” तालुक्याहून कापड रंगवायच्या रंगाच्या चार लहान बाटल्या आणि दोन ब्रश मागवले.

आधीची तयारी

या रंगाला सुती कापड सर्वांत चांगले. नव्या कापडात खळ असते, ती धुऊन काढावी. नाहीतर रंग खळीवरच बसतो आणि पुढे धुण्यात निघून जातो. कापड वाळवून इस्त्री करावे. कुर्त्याच्या आत पुठ्ठा आणि त्यावर कोरा कागद घालावा, म्हणजे रंग पाठीमागच्या बाजूला उतरत नाही. कापड ताणून कडेला टाचण्या लावाव्यात.

नक्षी कोणती काढावी?

“मला चित्र येत नाही,” असे म्हणून अडू नका. रोज सकाळी अंगणात रांगोळी काढणाऱ्या हाताला कमळ, शंख, वेल ही चित्रे पाठच असतात. डहाणूकडच्या वारली बायका तर त्रिकोण, गोल आणि सरळ रेघा एवढ्यावरच भिंतीवर सगळे गाव उभे करतात. लहान मुलांच्या कपड्यांसाठी भेंडी आडवी कापून तिचा ठसा उठवा, सुंदर फूल होते. मी खांद्यापासून खालपर्यंत पेन्सिलीने एक वेल काढली आणि प्रत्येक डागावर एक पान येईल असे पाहिले.

रंगवताना

बाटली आधी हलवून घ्यावी. रंग दाटच असावा. माझी चूक इथेच झाली. रंग पुरावा म्हणून मी त्यात पाणी घातले आणि पहिलेच पान पसरून वाटीएवढे झाले! शेवटी त्याचेच मोठे पान करावे लागले. डाग झाकायला गडद हिरवा, तपकिरी असे रंग घ्यावेत. फिक्या रंगाखालून डाग दिसतो. गडद कापडावर रंगवायचे असेल तर आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यावा आणि तो वाळू द्यावा. वरून खाली रंगवत यावे, म्हणजे हात लागून ओला रंग फिसकटत नाही. काम होताच ब्रश धुवावा. त्यात रंग वाळला तर ब्रश वाया गेलाच म्हणून समजा.

रंगवल्यानंतर

एक दिवस सावलीत पूर्ण वाळू द्यावे. मग कापड उलटे करून मागच्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी. उष्णतेने रंग पक्का बसतो. त्यानंतरही निदान तीन दिवस पाणी लावू नये. पुढे धुताना कपडा उलटा करून थंड पाण्यात, साध्या साबणाने, हलक्या हाताने चोळावा. दगडावर आपटू नये, धोपटू नये.

पहिल्या दिवशी धुणे, दुसऱ्या दिवशी रंगवणे, तिसऱ्या दिवशी वाळवणे, चौथ्या दिवशी सकाळी इस्त्री, असा आमचा कुर्ता वेळेवर तयार झाला. लग्नात मामींनी विचारले, “कुठल्या दुकानातला गं?” पोरीने माझ्याकडे पाहिले आणि नुसती हसली. ते मोठे झालेले पान मामींना सर्वांत आवडले!

भगिनींनो, विरलेल्या कापडावर मात्र ही मेहनत करू नका. पण पोत चांगला आहे आणि केवळ डागापायी पेटीच्या तळाशी गेला आहे, असा एखादा कपडा तुमच्याही घरी असेल. आधी जुन्या चिंधीवर हात बसवा आणि मग तो कपडा बाहेर काढा.