गणवेश उतरल्यावरचं घर

चित्रीकरणाला सुरुवात होण्यापूर्वी दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी मुख्य नटनट्यांना कपडे स्वतःच दुकानातून विकत आणायला सांगितलं. रोजच्या जगण्याशी त्यांचं नातं जुळावं, पडद्यावरचा माणूस खरा वाटावा, हा हेतू. घरांचे सेटही त्यांनी खऱ्या घरांच्या मापाचे बांधून घेतले. एरवी कॅमेरा फिरवायला सोयीचं म्हणून हॉलीवूडमध्ये खोल्या प्रत्यक्षापेक्षा मोठ्या बांधत. १९४६च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मधल्या खोल्यांत माणसं एकमेकांना अडखळतात, ती त्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या हवाई सैनिकाचं घर, त्याचे कपडे आणि चीजवस्तू यांकडे इतक्या काळजीनं पाहणारी दुसरी कलाकृती माझ्या पाहण्यात नाही. वायलर स्वतः युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांतून शत्रूच्या प्रदेशावर गेले होते, आणि त्या कामातच त्यांचं ऐकणं अधू झालं. कथेचं मूळ असलेली निर्यमक पद्यातली कादंबरी मॅकिन्ले कँटर यांची. तेही युद्धवार्ताहर म्हणून अशा विमानांतून गेलेले.

बून सिटी नावाच्या काल्पनिक गावात तिघेजण परततात. येतात तेही एका बी-१७ विमानाच्या काचेच्या नाकाडात बसून. त्यातला फ्रेड डेरी हवाईदलात कॅप्टन, बॉम्ब टाकणारा अधिकारी, छातीवर पदकं. अल स्टीफन्सन पायदळातला साधा सार्जंट. विमानात फ्रेडचा हुद्दा वरचा. गावात पाय ठेवला की पारडं फिरतं. सार्जंट बँकेतला बडा अधिकारी निघतो आणि उंची इमारतीतल्या प्रशस्त फ्लॅटमध्ये शिरतो. कॅप्टन रेल्वेरुळांलगतच्या खोपटात बापाला भेटायला जातो. हुद्द्याची ही उलटापालट कोणी बोलून दाखवत नाही, दोन घरांची दारं ती सांगतात.

फ्रेडची बायको मेरी गणवेशातल्या फ्रेडवर भाळलेली. साधा सूट चढवून तो समोर येतो तेव्हा तिचा चेहरा उतरतो, आणि पुन्हा गणवेश घाल म्हणून ती हट्ट धरते. हा प्रसंग अनेकांना बाईच्या उथळपणाचा वाटतो. मला तो त्या काळाचा नेमका दस्तऐवज वाटतो. १९४५-४६मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या सूट-शर्टांची विलक्षण टंचाई होती. सेवामुक्त सैनिकांच्या गणवेशावर उजव्या खिशावर गरुडाचं कापडी चिन्ह शिवलं जाई, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता त्यांना तोच गणवेश अंगावर ठेवता येई. नागरी कपड्यांच्या कॉलरवर लावायला तसाच पितळी बिल्ला मिळे. परदेशी सेवा केलेल्याला सेवामुक्त झाल्यावर तीनशे डॉलरपर्यंत रक्कम मिळे आणि त्यातूनच नव्या जन्माची कपडेखरेदी व्हायची. सूट विकत घेणं हा त्यामुळे खर्चाचा प्रश्न होता तसाच ओळख बदलण्याचाही. फ्रेडची ही नवी ओळख औषधाच्या दुकानातल्या नोकराची, आठवड्याला साडेबत्तीस डॉलरांची.

नोकरी जाते, संसार मोडतो. गाव सोडायला निघालेला फ्रेड पदकांची कागदपत्रं बापाच्या घरी टाकून जातो, आणि बाप ती वाचायला घेतो. कॅप्टन डेरीच्या शौर्याची सरकारी भाषा त्या खोपटात म्हाताऱ्याच्या थरथरत्या आवाजात ऐकू येते. पदक ही वस्तू कुठल्या घरात, कोणाच्या हाती आहे त्यावर तिचं वजन ठरतं, हे यापेक्षा चांगलं कोणी दाखवलेलं मला ठाऊक नाही. नंतर फ्रेड भंगारात काढलेल्या विमानांच्या मैदानात जातो. हे चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या ओंटॅरिओ इथं, खऱ्याखुऱ्या टाकाऊ विमानांच्या रांगांत झालं. इंजिनं काढून घेतलेल्या एका विमानात तो चढतो, आणि तिथंच त्याला काम मिळतं. या विमानांच्या धातूतून आयती जोडायची घरं बांधली जाणार असतात.

ही पटकथाकार रॉबर्ट शेरवूड यांच्या मनची कल्पना वाटेल, पण त्याच सुमारास अशी खटपट खरोखर चालू होती. बकमिन्स्टर फुलर यांनी विचिटातल्या बीच विमान कारखान्यात अॅल्युमिनियमचं गोल घर उभं केलं. कार्ल स्ट्रँडलंड यांच्या लस्ट्रॉन कंपनीनं ओहायोतल्या कोलंबस शहरात कर्टिस-राइटच्या जुन्या विमान कारखान्यात एनॅमल चढवलेल्या पोलादाची घरं काढली. भिंती पोलादी असल्यामुळे तसबीर टांगायला लोहचुंबक लागे. सुमारे अडीच हजार घरं झाली आणि १९५०मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लस्ट्रॉनचं नमुन्याचं घर इलिनॉयमधल्या हिन्सडेलला उभं होतं. आज काही मराठी कुटुंबं जिथं स्थिरावली आहेत त्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून शिकागोला रेल्वेनं जाताना ते गाव वाटेतच लागतं.

नेपरव्हिलचा संबंध एवढ्यावर संपत नाही. १९५०मध्ये जेमतेम सात हजार वस्तीचं हे गाव क्रोलर कंपनीच्या फर्निचरवर जगत होतं. जगातल्या मोठ्या फर्निचर उद्योगांत तिची गणना होई, आणि दिवसा बसायला व रात्री झोपायला उपयोगी पडणारा कोच ही तिची खासियत. २२ जून १९४४च्या सैनिक पुनर्वसन कायद्यानं माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी मिळाली. चित्रपटातला अल तारण नसलेल्या माजी सैनिकाला शेतीसाठी कर्ज मंजूर करतो आणि वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतो, त्याला हीच पार्श्वभूमी आहे. घर आलं की कोच आला. फ्रेडसारख्याच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत असा घडीचा कोच असणारच, असं मला वाटतं. क्रोलरचा कारखाना १९७८मध्ये बंद पडला. स्टेशनजवळची ती विटांची इमारत आता निवासी आणि कार्यालयीन वापरात आहे. गावाच्या दक्षिणेला नेपर एरो नावाची वसाहत १९५०च्या दशकात उभी राहिली. घराला लागूनच विमानाचं हँगर, आणि अंगणातून निघालेलं विमान थेट धावपट्टीवर. उडणं न सोडता संसार मांडायची जी सोय फ्रेडला मिळाली नाही, ती इथं नकाशातच आखलेली दिसते.

दुसऱ्या टोकाला स्टीव्ह कॅन्यन. मिल्टन कॅनिफ यांची ही चित्रमालिका १३ जानेवारी १९४७ला शिकागोच्या मार्शल फील्ड यांच्या वृत्तपत्रसमूहातर्फे सुरू झाली. स्टीव्हही युद्धावरून परतलेला, तो वैमानिक. त्याची ‘होरायझन्स अनलिमिटेड’ नावाची हवाई वाहतुकीची छोटी कंपनी आहे, कचेरी आहे, सेक्रेटरी आहे. घर नाही. कोरियाचं युद्ध पेटल्यावर तो पुन्हा हवाईदलात जातो आणि लग्न करतो थेट १९७०मध्ये. जवळपास पाव शतक कॅनिफ यांनी त्याला संसारापासून दूर ठेवलं. वाचकांना तो आवडला, पण युद्ध संपल्यावर काय करायचं हा प्रश्न कॅनिफ यांनी त्याला गणवेश परत देऊन टाळला. वायलर यांनी तो टाळला नाही, म्हणून फ्रेड मला अधिक मोठा वाटतो.

आणि जो परतलाच नाही त्याचं काय? आर्थर मिलर यांच्या १९४७च्या ‘ऑल माय सन्स’ नाटकात बेपत्ता वैमानिक लॅरीची खोली आईनं जशीच्या तशी ठेवलेली असते. कपाटात कपडे, आणि बूट पॉलिश केलेले. मुलगा हरवून तीन वर्षं उलटलेली असतात.

आपल्या साताऱ्याकडच्या गावांतही घराघरांत अशी लोखंडी ट्रंक सापडते, पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर लिहिलेली. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी दोन्ही महायुद्धांत माणसं पाठवली, पण परतलेल्या माणसाचं घर आपल्या मराठी कादंबरीनं आणि चित्रपटानं फारसं उघडून पाहिलेलं नाही. रणांगणावर आपण लिहिलं, ट्रंकेवर नाही. नेपरव्हिलमध्ये आज स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकीही काहींच्या आजोळी अशी ट्रंक असेल. तुमच्या घरी असेल तर ती भंगारात देऊ नका. आतल्या प्रत्येक वस्तूची हकीकत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि लिहून ठेवा.