वाचनालय कोणासाठीं?

रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालीं स्थापन झालें. मराठींतील पहिलें वृत्तपत्र ‘दर्पण’ निघालें १८३२ सालीं, आणि इंग्लंडांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १८५० सालीं. म्हणजे आपल्या भाषेंत वृत्तपत्र निघण्यापूर्वींच समुद्रकांठच्या एका लहानशा शहरानें पुस्तकांसाठीं जागा केली होती. ही गोष्ट अभिमानास्पद खरी. परंतु केवळ अभिमानावर संस्था जगत नाहींत.

गांवोगांवच्या वाचनालयांचा शिरस्ता सर्वांस ठाऊक आहे. वर्तमानपत्रांच्या मेजाभोंवतीं बहुधा कोणीही बसावें. त्यास पैसा पडत नाहीं. पण पुस्तक घरीं न्यावयाचें तर अनामत भरावी, वर्गणी द्यावी. ज्याच्या घरीं पुस्तकें आहेत त्यास ही रक्कम क्षुल्लक. ज्याच्या घरीं एकही नाहीं त्या हमालाच्या मुलास तीच जड. आणि घरकामांतून ज्या स्त्रीस मेजाशीं येऊन बसण्याची सवड नाहीं, तिला घरीं नेलेल्या पुस्तकावांचून दुसरा मार्ग कोणता?

याहून निराळी व्यवस्था अशक्य आहे काय? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन यांस बोलावून मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरविल्या. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासेनें १९४८ च्या कायद्यांत ग्रंथालयांसाठीं स्वतंत्र उपकर ठेवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यांत उपकर नाहीं. मान्यताप्राप्त ग्रंथालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. पण तेवढ्यानें वर्गणी सुटत नाहीं.

कोणी म्हणेल, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं. मग शाळा तरी मोफत कां ठेविल्या? मुलास अक्षरें फुकट शिकवावयाचीं आणि तो वाचूं लागतांच पुस्तकासाठीं त्याच्यापुढें हात पसरावयाचा! अक्षर शिकविणें हें समाजाचें कर्तव्य आणि तें टिकविणें हा मात्र ज्याचा त्याचा खासगी खर्च, हा न्याय आमच्या समजुतीबाहेरचा आहे.

आमची सूचना साधी आहे. नगरपालिकेनें आपल्या अंदाजपत्रकांत गरीब मुलांच्या अनामतीची तरतूद करावी, म्हणजे वाचनालयाचें नुकसान न होतां पुस्तकें त्यांच्या घरीं जातील. व्यापारी बंधूंनीं लक्ष्मीपूजनास चोपड्या पुजतांना एका तरी गरजू वाचकाची वर्षाची वर्गणी खर्चीं टाकावी. दुकानाच्या जमाखर्चांत ती रक्कम दिसणारही नाहीं. त्या घरांत मात्र ती वर्षभर दिसेल.